संस्थेचें ब्रीद आणि सेवकाचें मन

आमच्या शेजारीं राहणारे एक गृहस्थ एका बँकेंत अधिकारी आहेत. गेल्या महिन्यांत एका रविवारीं सकाळीं ते मोबाइल हातांत धरून आमच्याकडे आले व खुर्ची ओढून बसले. बँकेनें आपल्या सर्व सेवकांकडे एक प्रश्नावली पाठविली होती. तिच्यांतील प्रत्येक प्रश्नाचें उत्तर १ पासून ५ पर्यंतच्या एखाद्या आंकड्यानें द्यावयाचें होतें. आणि बाकीचे सर्व प्रश्न उरकून हे गृहस्थ एका प्रश्नापाशीं अडून बसले होते. संस्थेचीं मूल्यें आणि आपलीं व्यक्तिगत मूल्यें यांचा मेळ कितपत बसतो, असा तो प्रश्न होता. "काका, येथें काय लिहूं?" त्यांनीं विचारलें. आम्हीं सहज म्हटलें कीं, मेळ बसत असेल तर ५ लिहा, बसत नसेल तर १ लिहा. त्यांत एवढा विचार कसला? त्यावर ते म्हणाले, "मेळ अगदीं तंतोतंत बसतो, हीच तर माझी अडचण आहे."

हें उत्तर आम्हांस प्रथम कोड्यासारखें वाटलें. मग त्यांनीं सर्व हकीकत सांगितली. त्यांच्या शाखेच्या भिंतीवर, दारांतून आंत शिरतांच दिसेल अशा जागीं, ग्राहकाचें हित सर्वांत आधीं, व्यवहारांत पारदर्शकता, सचोटी, अशा अर्थाचीं वचनें कांचेच्या चौकटींत लावलेलीं आहेत. शेजारीं ग्राहकाची थोरवी सांगणारें आणि गांधीजींच्या नांवावर खपणारें तें सुप्रसिद्ध वाक्यही आहे. याच भिंतीखालीं बसून गेल्या वर्षींच्या मार्च महिन्यांत त्यांनीं एका निवृत्त एस. टी. कंडक्टरास, तो मुदत ठेव ठेवण्यासाठीं आला असतां, विम्याची पॉलिसी विकली होती. खोटें असें एक अक्षरही ते बोलले नव्हते. हप्ता दरवर्षीं भरावा लागेल हें त्यांनीं हळू आवाजांत सांगितलें आणि परताव्याचा आंकडा मोठ्या आवाजांत सांगितला, इतकेंच. यंदा तो मनुष्य मुदत पुरी झाली असें समजून आपली 'ठेव' परत घेण्यास आला, तेव्हां दुसऱ्या हप्त्याची मागणी त्याच्यापुढें ठेवण्यांत आली. त्यानें भांडण केलें नाहीं कीं आरडाओरड केली नाहीं. "साहेब, तुम्हीं सांगितलें म्हणून मीं सही केली," एवढेंच म्हणून तो बराच वेळ टेबलापाशीं उभा राहिला. आतां ७४ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका ४ लाख रुपयांची ठेव पुन्हा ठेवण्यासाठीं येत्या आठवड्यांत यावयाच्या आहेत, आणि वरून आलेल्या यादींत त्यांच्या नांवापुढें विम्याचें टार्गेट आधींच मांडून ठेवलेलें आहे.

या गृहस्थांचीं व्यक्तिगत मूल्यें कोणतीं? ग्राहकाचें हित, सरळ व्यवहार, सचोटी. भिंतीवरचीं मूल्यें कोणतीं? तींच. मग मेळ बसतो असें म्हणण्यास प्रत्यवाय तो कोणता? प्रश्नावली रचणाऱ्यांनीं असें गृहीत धरलें आहे कीं, येथें ताडून पाहण्याच्या वस्तु दोनच आहेत, एक सेवकाचें मन आणि दुसरें संस्थेचें ब्रीद. वस्तुतः त्या तीन आहेत. तिसरी वस्तु म्हणजे संस्थेचें वर्तन, आणि तिच्याविषयीं विचारण्याचें प्रश्नावलीनें टाळलें आहे. सेवकाकडून ज्या मेळाची अपेक्षा असते तो बहुधा या तिसऱ्या वस्तूशीं असतो. जुळवून घ्या, असें त्यास सांगण्यांत येतें; परंतु कशाशीं, हें स्पष्ट सांगण्याची सोय नसल्यामुळें बोट भिंतीकडे दाखविलें जातें.

जातां जातां एक शब्दाची गोष्ट सांगतों. 'मूल्य' याचा आपल्या भाषेंतला रोजचा अर्थ किंमत असा आहे. तत्त्व, ध्येय, ब्रीद, बाणा असे शब्द घरांत असतांना आपण हा व्यापारी शब्द नीतीच्या कामीं कां आणला, याचा आम्हांस पूर्वीं राग येत असे. आतां येत नाहीं. मूल्य म्हटलें कीं, किती व कोणीं मोजलें, हा प्रश्न ओघानेंच येतो; आणि संस्थेच्या ब्रीदासंबंधीं विचारण्यासारखा याहून चांगला प्रश्न आम्हांस सुचलेला नाहीं.

मोजण्याच्या वेळीं काय होतें, याचें एक उदाहरण अमेरिकेंतलें असलें तरी आपल्या कोंकणास अपरिचित नाहीं. गुहागर तालुक्यांत दाभोळचा वीजप्रकल्प उभारणारी एन्रॉन कंपनी वाचकांस आठवत असेलच. १९९३ सालीं तिच्या प्रकल्पाशीं महाराष्ट्राचा वीजखरेदीचा करार झाला, १९९५ सालीं तो रद्द झाला, पुढें फेरवाटाघाटी होऊन पुन्हा झाला, १९९९ सालीं वीज सुरू झाली आणि २००१ सालीं बंद पडली. त्या सर्व वादाशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें हें कीं, या कंपनीचीं जाहीर मूल्यें चार होतीं: आदर, सचोटी, संवाद व उत्कृष्टता. २००० सालीं तिनें आपल्या सेवकांसाठीं ६४ पानांची नीतिसंहिता छापली व तिला अध्यक्ष केनेथ ले यांची प्रस्तावना होती. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १९९९ सालीं, कंपनीचे मुख्य वित्ताधिकारी अँड्र्यू फास्टो हे कंपनीशींच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या स्वतः चालवूं इच्छीत होते. आचारसंहितेच्या दृष्टीनें हा उघड हितसंबंधांचा विरोध होता. संचालक मंडळानें काय केलें? सभा भरवून तें बंधन फास्टो यांच्यापुरतें बाजूस ठेवण्यास रीतसर मंजुरी दिली. नियम चोरून मोडणाऱ्यास निदान नियमाची लाज असते. येथें ती लाजही ठराव करून दूर करण्यांत आली.

२००१ च्या ऑगस्टांत त्याच कंपनींतील शेरॉन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनीं, हिशेबांतील हे प्रकार कंपनीस बुडवतील, असें अध्यक्षांस लिहून कळविलें. त्यांनीं मागितलें काय होतें? संहितेंत जें छापलें होतें तेंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत, अशा सेवकास कामावरून काढल्यास कायद्याच्या दृष्टीनें काय परिणाम होतील, यावर कंपनीच्या वकिलांनीं सल्ला दिला. त्याच वर्षीं २ डिसेंबरला कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. छापलेल्या मूल्यांशीं ज्या सेवकाचें मन सर्वांत अधिक जुळलें होतें तोच सेवक संस्थेस अडचणीचा वाटला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आपल्याकडे हैदराबादच्या एका कंपनीनें तर ब्रीदच नांव म्हणून धारण केलें होतें. 'सत्यम्' हें तिचें नांव. २००८ सालीं तिला सुप्रशासनाबद्दल पारितोषिकही मिळालें. आणि ७ जानेवारी २००९ रोजीं तिच्या अध्यक्षांनींच पत्र लिहून कबूल केलें कीं, हिशेबांत दाखविलेल्यांपैकीं ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकेंतील शिल्लक अस्तित्वांतच नाहीं. पारितोषिक मागाहून काढून घेण्यांत आलें. तेथें निष्ठेनें काम करणाऱ्या हजारों तरुण मुलांमुलींचें मन त्या नांवाशीं जुळत नव्हतें, असें कोण म्हणेल?

याहून कठीण उदाहरण एस. मंजुनाथ यांचें आहे. लखनौच्या व्यवस्थापन संस्थेंतून शिकून बाहेर पडलेला हा तरुण इंडियन ऑईलमध्यें विक्री अधिकारी होता. पेट्रोलपंपावर भेसळ होऊं नये हें कंपनीचें धोरण, आणि तें अमलांत आणणें हें त्याचें काम. उत्तर प्रदेशांतल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यांत त्यानें भेसळीबद्दल पंपावर कारवाई केली, आणि १९ नोव्हेंबर २००५ रोजीं त्यास गोळ्या घालून मारण्यांत आलें. त्या वेळीं त्याचें वय २७ वर्षांचें होतें. हा तरुण कोणी बंडखोर नव्हता, नियमांच्या पलीकडचें कांहीं त्यास करावयाचें नव्हतें. कागदावर जें लिहिलें होतें तें त्यास खरें वाटलें होतें, आणि तें त्यानें केलें. असल्या मनुष्याविषयीं मागाहून हळहळतांना, "जरा व्यवहार पाहावयास हवा होता," असें म्हणणारे लोक आम्हांस भेटलेले आहेत. हें वाक्य आपल्या घराघरांतून, मुलगा नोकरीस लागतांना, आशीर्वादाबरोबर दिलें जातें. आम्हींही तें दिलेलें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, तुम्हीं सेवकास साधु व संस्थेस ढोंगी ठरविलें. तसा आमचा हेतु नाहीं. आपलें मन म्हणजे कांहीं गंगाजल नव्हे. स्त्रीच्या हाताखालीं काम करणें ज्यास कमीपणाचें वाटतें, किंवा उमेदवाराचें आडनांव वाचल्याबरोबर ज्याचा कल ठरतो, अशा मनुष्याच्या व्यक्तिगत मूल्यांपेक्षां त्याच्या कचेरींतली चौकट पुष्कळ बरी असते. तेथें मेळ बसविण्याचें काम त्यानेंच करावयाचें. तेव्हां तक्रार व्यक्तीनें संस्थेपुढें वांकावें कीं काय, याविषयीं नाहीं. दोघांनींही ज्या शब्दांपुढें वांकण्याचें कबूल केलें आहे, त्या शब्दांचा अर्थ कोण लावतो आणि तो पाळण्याची किंमत कोण देतो, याविषयीं आहे.

त्यासाठीं ज्या संस्थेंत शब्द खरोखर खर्चीं पडत होते अशी एक आपल्याच घरची संस्था पाहूं. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. लौकरच आगरकर त्यांस येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. संस्थेच्या आजीव सभासदांनीं २० वर्षें सेवा करावयाची आणि दरमहा ७५ रुपयांवर संसार चालवावयाचा, असा संकल्प होता. याच विद्वानांस सरकारी नोकरींत याहून कितीतरी अधिक मिळालें असतें, हें सांगावयास नकोच. या संस्थेचें ब्रीद स्वार्थत्याग हें होतें, आणि तें वाचण्यासाठीं भिंतीकडे पाहण्याची गरज नव्हती. महिन्याच्या पहिल्या तारखेस प्रत्येकाच्या हातावर तें मोजून ठेवलें जात असे.

टिळक आणि आगरकर यांच्याइतका मनांचा मेळ कोणाचा असेल? कॉलेजांत असतांनाच दोघांनीं सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय केलेला, आणि कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढलेले. असें असतां भांडण झालें, आणि तें या एका शब्दावरूनच विकोपास गेलें. टिळकांचें म्हणणें असें कीं, आजीव सभासदानें आपला सर्व वेळ व सर्व शक्ति संस्थेस दिली पाहिजे, बाहेरची मिळकत करावयाची नाहीं, झाल्यास ती संस्थेची समजावी. जेसुइट पाद्र्यांचा कित्ता त्यांच्या डोळ्यांपुढें होता. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, नेमून दिलेलें काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा आहे, आणि ७५ रुपयांत आजारपण व मुलेंबाळें भागवितांना मनुष्यास थोडी मोकळीक ठेवली नाहीं तर संस्थाच टिकावयाची नाहीं. आगरकर स्वतः 'सुधारक' चालवीत होते. टिळकांचा 'केसरी'शीं संबंध होताच. आणि तरुण गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें तेव्हां ठिणगी पडली. १८९० च्या डिसेंबरांत टिळकांनीं राजीनामा दिला. समाजसुधारणेविषयींचा मतभेद या कलहाच्या मुळाशीं होताच, व स्वभावांचा हट्टही होता. हे लोक देव नव्हते.

या कलहांत न्याय कोणाकडे होता, याचा निवाडा करण्याचें आमचें सामर्थ्य नाहीं. टिळकांची मागणी अधिक उदात्त होती व आगरकर-गोखल्यांची अधिक माणुसकीची होती, असें आम्हांस वाटतें. आणि दुसऱ्याच्या घरांतली तूरडाळ मोजून त्यास त्याग शिकविण्याचा अधिकार कोणास पोंचतो, याविषयीं आमचें मत दिवसेंदिवस आगरकरांकडे झुकत चाललें आहे. तें असो. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, या संस्थेंत 'स्वार्थत्याग' या शब्दावरून माणसें रात्र रात्र वाद घालूं शकलीं, एकमेकांपासून दुरावलीं आणि आपलें उभें केलेलें घर सोडून गेलीं. एन्रॉनमध्यें 'सचोटी' या शब्दाच्या अर्थावरून संचालकांच्या सभेंत कोणी उठून गेल्याचें आपण ऐकलें आहे काय? ज्या शब्दावर कांहींच अवलंबून नसतें त्याविषयीं एकमत फार लवकर होतें. यासाठीं एखाद्या संस्थेंतल्या हजारों सेवकांनीं प्रश्नावलींत ५ हा आंकडा लिहिला असें ऐकलें, तर तिच्या चालकांस आनंद होण्याऐवजीं थोडी झोप उडावी, असें आम्हांस वाटतें.

मतभेद ओळखूनही एकमेकांचा मान राखतां येतो, याचेंही उदाहरण पुण्यांतच सांपडतें. १९०५ सालीं गोखल्यांनीं भारत सेवक समाज स्थापन केला. त्यांत येणाऱ्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. १९१५ सालीं गांधीजी आफ्रिकेहून परत आले, तेव्हां त्यांनीं या समाजांत यावें अशी गोखल्यांची इच्छा होती व गांधीजींचीही होती. परंतु समाजाच्या सभासदांस वाटत होतें कीं, आपल्या आणि यांच्या कार्यपद्धतींत मोठें अंतर आहे. फेब्रुवारींत गोखले वारले. त्यानंतर प्रवेशाचा प्रश्न निघाला असतां सभासदांत दोन तट पडले. ज्यांचा विरोध होता त्यांनीं तो उघड केला, आणि सभासदांची पंचाईत होऊं नये म्हणून गांधीजींनीं आपला अर्ज परत घेतला. स्नेह कायम राहिला. "आमच्याशीं तुमचें जुळत नाहीं," हें वाक्य इतक्या सरळपणें बोललें गेलें आणि इतक्या सरळपणें ऐकलें गेलें, याचें कारण आमच्या मतें हें कीं, समाज जें सांगत होता तेंच करीत होता. त्यामुळें गांधीजींस नेमकें कशाशीं जुळवून घ्यावें लागेल, हें दोन्ही पक्षांस ठाऊक होतें.

आमच्या शेजाऱ्यांस ही सोय नाहीं. त्यांस गुरु नाहीं, प्रतिज्ञा नाहीं, वर्तमानपत्र नाहीं. घराच्या कर्जाचीं ११ वर्षें उरलीं आहेत आणि मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशा मनुष्यास, पटत नसेल तर सोडून द्या, असें सांगणें आम्हांस शोभत नाहीं. आमचें निवृत्तिवेतन दर महिन्यास न चुकतां येतें आणि त्याच्या जोरावर बाणेदारपणाचे पाठ देणें फार सोपें आहे. उलट पक्षीं, सगळेच करतात, तुम्ही एकटे काय करणार, हें सांगणेंही आमच्यानें झालें नाहीं. कारण सगळे ही कोणी व्यक्ति नव्हे. कंडक्टर उभा राहिला होता तो यांच्याच टेबलापाशीं, आणि त्यानें विश्वास ठेवला होता तो बँकेच्या चौकटीवर नव्हे, यांच्या तोंडाकडे पाहून. संस्थेचें ब्रीद संस्था पाळत नसते. तें शेवटीं कोणातरी कारकुनाच्या, कोणातरी अधिकाऱ्याच्या हातून पाळलें जातें किंवा मोडलें जातें, आणि मोडलें गेल्यावर शरमेचा वांटा मात्र त्यालाच पुरा येतो, नफ्याचा येत नाहीं.

आम्हीं त्यांस इतकेंच विचारलें कीं, भिंतीवरचें वचन बँकेनें तुम्हांस दिलेलें आहे कीं नाहीं? तें ग्राहकास दिलेलें आहे हें खरें, पण तुमच्या डोक्यावर टांगून दिलेलें असल्यामुळें तुम्ही त्याचे जामीन ठरतां. आणि जामिनास मूळ ऋणकोकडे तगादा लावण्याचा हक्क असतो. बँकेविरुद्ध नव्हे, बँकेच्याच शब्दांत बोला. त्यांनीं मान हलविली, पटल्याची कीं कंटाळल्याची तें कळलें नाहीं, आणि चहा न घेतांच ते गेले.

पुढच्या रविवारीं कळलें तें असें. प्रश्नावलींत त्यांनीं ५ हाच आंकडा लिहिला. खालीं अभिप्रायासाठीं चार ओळींची जागा होती. तींत त्यांनीं लिहिलें कीं, ग्राहकाचें हित सर्वांत आधीं या बँकेच्या तत्त्वाशीं मी पूर्ण सहमत आहें, व त्यास अनुसरून ७० वर्षांवरील ठेवीदारांचीं नांवें विम्याच्या यादींतून वगळावीं अशी विनंति आहे. वरून उत्तर आलेलें नाहीं. शाखाधिकाऱ्यांनीं मात्र खोलींत बोलावून, हें लिहिण्याची काय आवश्यकता होती, असें विचारलें, आणि सुरांत राग होता त्यापेक्षां भीति अधिक होती, असें आमचे शेजारी म्हणाले. शिक्षिकाबाई बुधवारीं आल्या. त्यांची मुदत ठेव २ वर्षांसाठीं पुन्हा ठेवण्यांत आली, पावती त्यांनीं दोनदां वाचली व पिशवींत ठेवली. कंडक्टरचा अर्ज विमा कंपनीकडे गेला आहे. त्यावर आमच्या शेजाऱ्यांनीं, पॉलिसीचा खुलासा मीं पुरेसा केला नव्हता, असें स्वतःच्या सहीनें लिहून दिलें आहे, आणि तें घरीं अजून सांगितलेलें नाहीं.